काट्यांवरचा कापूस

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला गोड लिहिता येत नाही, मी दुसरीपर्यंत शिकलेला. माझी बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. तिच्यावर एकदा चोरीचा आळ आला होता आणि तो खोटा होता, एवढंच मला लिहायचं आहे.

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. आम्ही देवपुरात राहायचो. कापसाच्या दिवसांत सोनगीरकडून गाड्या यायच्या आणि नदीपलीकडच्या सरकी काढायच्या जिनात नंबर लागेपर्यंत आमच्या गल्लीत ठाण मांडायच्या. दारासमोर बैल बांधलेले, शेणाचा चिखल. पाण्याला निघालेली बाई घागर घेऊन बैलाच्या मानेखालून वाकून जायची. कुणाला सांगणार? माल व्यापाऱ्यांचा.

गल्लीच्या तोंडाला दोन्ही बाजूंना बाभळी होत्या. फुगवून भरलेल्या गाड्या त्यांना घासून जात आणि काट्यांना कापूस अडकून राही. तो आमच्या बाया वेचायच्या. माझ्या आईनं वेचला, तिच्या सासूनं वेचला. काट्यावरचा कापूस काढेल तिचा, असाच रिवाज. गाडीवाले स्वतः म्हणायचे, "काढी ल्या अक्का, नहीते वारा लई जाई."

एका वर्षी उभ्या गाड्यांतून कापूस चोरीला जाऊ लागला. व्यापाऱ्यांनी ओरड केली तेव्हा बाहेरगावचा एक हवालदार आमच्या चौकीवर आला. त्याला कामं दोन, गाड्या हटवायच्या आणि चोर धरायचे. गाड्यांना हात लावायची त्याची छाती नव्हती. मग चोर राहिले. त्यानं भरदुपारी माझ्या बायकोला वेचलेल्या कापसाच्या गाठोड्यासकट धरून नेलं.

मी धावत चौकीवर गेलो. मागून निम्मी गल्ली आली. शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणत होती, "गाड्या हाकाले पाठाडा, नि हाऊ बायास्ले हाकी ऱ्हायना."

हवालदारानं चोरांच्या वहीत बायकोचं नाव लिहिलं होतं. खाली अंगठा उठवायचा आणि घरी जायचं, म्हणाला. मी घाबरलो. खोटं का लिहू, पार घाबरलो. मी तिला म्हटलं, "दे आंगठा. चाल घर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी चोर नही शे. मी आंगठा देवाव नही."

तो म्हणाला, "कापसावर नाव असतं का बाई? गाडीतला कोणता, काट्यावरचा कोणता, मी कसं ओळखू?"

"हात घाला भाऊ गाठोडामा. पार कोपरापर्यंत घाला."

त्यानं घातला आणि झटक्यात काढला. अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता. लोक हसले. तिनं गाठोडं टेबलावर उपडं केलं. सगळा कापूस काट्यांनी आणि वाळक्या पाल्यानं भरलेला. गाडीतल्या कापसात बाभळीचे काटे कुठून येणार? ते त्यालाही कळलं. पण माघार घेववेना.

"आता लिहिलंय तर अंगठा देऊन जा. मी वर काय सांगू?"

"मंग तुमनाच लावा," ती म्हणाली. "शाई बी नको. रगत शे त्याले."

ती जमिनीवर बसली ती उठेना. दारात माणसं वाढत गेली. शेवटी त्यानं टाक उचलला आणि नावावर रेघ ओढली. तिला अक्षर येत नव्हतं. ती मला म्हणाली, "वाचा. खोडं का?" मी वाकून वाचलं. खोडलं होतं. माझ्या दुसरीच्या शाळेचा उपयोग झाला तो तेवढाच.

परत येताना ती एकच वाक्य बोलली. "त्यानी सांगं ते ठीक. तुम्हीन कसं सांगं?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही. नंतर इतकी वर्षं संसार झाला, त्यातही आलं नाही. आता द्यायला ती नाही.

त्या कापसाची तिनं उशी केली. ती माझ्या डोक्याखाली आहे. कधीमधी एखादं टोक गालाला लागतं. सून म्हणते, "नाना, गाठी झाल्यात हिच्यात. पिंजाऱ्याला देऊ, काटे काढून साफ करून देईल."

मी तिला सांगितलंय, उशीला हात लावायचा नाही. काटे आहेत तिथेच राहतील. उद्या पुन्हा कुणी विचारलं, तर हात घाला म्हणायला मी आहे. या खेपेला मी घाबरणार नाही.