टेप लावून काढलेला फोटो

पाडव्याच्या सकाळी गॅलरीत मी आणि बायको, दोघंच होतो. वडिलांच्या घडीच्या कॅमेऱ्यात आठ फोटोंचा रोल होता. हा कॅमेरा उघडला की चामडी भात्यासकट भिंग पुढे येतं. अंतर मात्र त्याला कळत नाही. ते आपण मोजून भिंगाभोवतीच्या आकड्यांवर लावायचं. म्हणून मी टेप घेतली आणि खुर्चीत बसलेल्या तिच्या नाकापर्यंत मोजलं. सहा फूट दोन इंच.

"अहो, फोटो काढताय की ब्लाउज शिवताय?" म्हणून ती हसली. तेवढ्यात मी खटका दाबला.

माघात ती गेली. रोलमधले सात फोटो उरले होते. रोज सकाळी मी रिकाम्या खुर्चीपर्यंत टेप धरून एकेक काढला. रडू येत नव्हतं. आकडा रोज एकच येत होता. इतकी वर्षं एका घरात काढली आणि आमच्यातलं अंतर मी मोजलं ते एकदाच.

रोल धुऊन आला. सातही खुर्च्या रेखीव आल्या होत्या. तिचा चेहरा हसताना हलला होता.

"हा बिघडलाय काका, याचे पैसे नकोत," स्टुडिओवाला म्हणाला.

मी त्याला आठही फोटोंचे पैसे दिले.