दाइजोबु

पेट्रोलचा वास आला की उत्तर जपानमधलं ते दुकान आठवतं. मला जेवूखाऊ घालणाऱ्या घरमालकीण आजींचा मुलगा भूकंपात गेलेला आणि आता मीही नोकरीसाठी त्सुकुबाला निघालेलो, म्हणून त्यांच्या अंगणातला बर्फ काढायला आम्ही लहान यंत्र बघत होतो. "हे मांजराएवढं आहे," विजेवरच्या हलक्या यंत्राला हात लावत त्या म्हणाल्या. घरातला पहिला पदवीधर मी, माहितीपत्रक वाचून पेट्रोलचं ताकदवान यंत्र निवडलं. "आजी, हे घेऊ ना?" "दाइजोबु," त्या हसल्या. मी 'चालेल' असं समजलो. जानेवारीत शेजारणीचा फोन आला. आजी फावड्याशेजारी बर्फात मृतावस्थेत सापडल्या. यंत्र सुरू करायची दोरी त्यांना कधी ओढताच आली नव्हती. 'दाइजोबु' म्हणजे 'नको'सुद्धा, हे मला नंतर कळलं. आता कुणी हसून 'चालेल' म्हणालं, तरी मी पुन्हा विचारतो.