माला उरी ती मॅलरी

वेस्ट विंडसरमध्ये तेव्हा मराठी घरं मोजून सात, आणि सातही घरांना पुरून उरेल एवढं ज्ञान एकट्या शैलेंद्रकडे. शिक्षणानं इंजिनिअर, पण शनिवारी जेवायला बोलवा, की पानातला वरणभात राहिला बाजूला आणि शब्दांची कुळकथा सुरू. 'डॉटर' म्हणजे दुहिता, 'नेम' म्हणजे नाम. इथपर्यंत ठीक हो, पुस्तकांतही तसंच म्हणतात. पण गडी तिथे थांबेल तर शपथ! 'कस्टमर' म्हणजे कष्टानं मरतो तो. 'मॅनहॅटन' म्हणजे जिथून मन हटत नाही ते. आम्ही हसलो की म्हणायचा, "सुनेत्राताई, तुम्हाला मूळ धातू ठाऊक नाहीत." मूळ धातू म्हणे! याला घरातली कढई कुठल्या धातूची ते सांगता आलं नसतं.

आणि मुळांचा एवढा सोस असलेल्या माणसानं स्वतःच्या नावाचं काय केलं? नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबानं विचारलं, "शेली म्हटलं तर चालेल?" हा म्हणाला, चालेल. झाला शेली! मला तर दर वेळी शेळीच ऐकू यायचं. वर आम्हालाच समजावणार, "अहो, शैल म्हणजे पर्वत, त्यावरूनच शेली." ऑफिसात शेली, घरी पद्मिनी 'अहो' म्हणणार. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेवढंच.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. आदल्या वर्षी पद्मिनीची आई तिकडे नागपूरला वारली, आणि तार हातात पडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईचं नाव मृणालिनी. मुलीला तेच नाव ठेवायचं, एवढी एकच गोष्ट त्या पोरीनं मागितली होती. मी हॉस्पिटलात डिंकाचे लाडू घेऊन पोचले, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि हा जन्माच्या नोंदीचा फॉर्म भरतोय.

"मृणालिनी इथे कुणाच्या तोंडात बसणार नाही, ताई. पोरगी रोज शाळेतून रडत येईल. मी मॅलरी ठरवलंय. लेटेस्ट आहे, आणि अस्सल संस्कृत! माला उरी जिच्या, ती मॅलरी."

"अरे, तिच्या आईचं नाव आहे ते!" माझं डोकंच फिरलं.

"इमोशनल होऊ नका. मी नीट स्टडी केलाय."

तेवढ्यात नर्स आली. तिनं फॉर्म वाचला आणि पद्मिनीला प्रेमानं विचारलं, "काय शेली, टाके दुखतायत का?"

पद्मिनीला काही कळेना. शैलेंद्र खाकरला. "शेली मी."

नर्सनं त्याच्या झुबकेदार मिश्यांकडे पाहिलं. "तुम्ही? सॉरी हं. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव शेली आहे. मला वाटलं, आईचं नाव चुकून वडिलांच्या जागी पडलं."

मी हसले. लपवत नाही, चांगली खदखदून हसले. सहा वर्षं ऑफिसभर मिरवलं, आणि एकानं सांगितलं नाही! कानापर्यंत लाल झालेला शैलेंद्र अब्रू सावरायला लागला, म्हणजे काय, तर नर्सला माला आणि ऊर समजावू लागला. ती बिचारी कौतुकानं बाहेर गेली आणि बाळांच्या नावांचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. पान काढलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅलरी. जुन्या फ्रेंचमधून आलंय," ती हळूच म्हणाली. "अर्थ, अभागी."

पद्मिनी उठून बसली. टाक्यांनी कळवळली, पण बसली. "द्या तो फॉर्म इकडे." तिनं मॅलरीवर काट मारली आणि वर एकेक अक्षर सुटं करून आईचं नाव लिहिलं.

नर्सनं वाचलं, "म्रु-णा-लि-नी. बरोबर?"

पहिल्या झटक्यात! तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर हे एवढं लांबलचक पोलिश आडनाव होतं. शैलेंद्र त्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "हे कुणालाच नीट म्हणता येत नाही," ती म्हणाली, "मग मी परत सांगते. आता वडिलांचं खरं नाव?"

"शेय्... लेन्-ड्रा," शैलेंद्र म्हणाला.

स्वतःचं नाव हो! आईबापांनी ठेवलेलं! मला आता हसूही येईना. पद्मिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग सरळ, उखाणा न घेता म्हणाली, "शैलेंद्र."

"शैलेंद्र," नर्स म्हणाली आणि लिहायला लागली.

तो पाळण्याच्या कडेला धरून उभा होता. मूळ नाही, धातू नाही, काही नाही.

"परत म्हण ना," तो बायकोला म्हणाला.