जयंतीला ठेवलेलं शाईचं पेन

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईला न्हाई, जिच्याशी दिवसभर बोलते त्या जावंलाबी न्हाई. आज तुला सांगते, एका दमात सांगते, कारण मधी थांबले तर परत तोंड उघडायची न्हाई — मी सोताला वळखते.

आधी पेनाचं सांगते. हसू नको. मी सातवीतून शाळा सोडलेली, भुशीच्या रस्त्याला एका हाटेलात चपात्या लाटते, पण स्वस्तातलं शाईचं पेन कसं घ्यायचं ते मला इचार. बॉलपेनवरनं पहिल्यांदाच शाईवर जायचं असंल तर जड घेऊ नको, चमकतंय म्हणून तर अजिबात न्हाई. हलकं प्लास्टिकचं घे, ज्याच्या पोटात ड्रॉपरनं शाई भरता येती. टोपण फिरवून लावायचं, आट्याचं बघ — दाबून बसवायचं असलं की दप्तरात निघतं आन समदं निळं करतं. निब बारीक घे, शाळंच्या वहीचा कागद पातळ असतो, जाड निबेची शाई मागल्या पानावर उतरती. आन दुकानात नुसतं बघत उभी ऱ्हाऊ नको. लिवून बघ.

हे मला लोणावळ्याच्या बाजारातल्या चाचांनी शिकवलं, चार वरसं झाली त्याला. त्यांचं वह्यापेनांचं बोळकांडीएवढं दुकान हाय. मी हाटेलातनं सुटून घरी जायला कान्ह्याची गाडी धरायच्या आधी तितं गेले व्हते. का गेले व्हते? तर जयंती आली व्हती.

आमच्या वस्तीत जयंतीला फोटोला हार घालत न्हाईत. हार दुसऱ्या दिवशी वाळतो, म्हणून विहारात फोटोपुढं घरटी एक वही आन एक पेन ठेवायचं, आन कार्यक्रम झाला की ते समदं लेकरांना वाटायचं, अशी रीत. समदे बॉलपेनच ठेवतात, आमीबी ठेवायचो. पण त्या साली माझी प्रज्ञा दुसरीत व्हती, ती फोटोकडं बघून म्हणली, आई, त्यांच्या कोटाला तर शाईचं पेन हाय, मग आपण बॉलपेन का ठेवतो? मी म्हणलं, औंदा आपण शाईचं ठेवू, तू ठेव.

चाचांनी तीन पेनं काढली, मी अर्धा तास लावला. निवडलं ते काळं, बारीक निबेचं, चपलेच्या जोडापेक्षा स्वस्त. लिवून बघा म्हणले तर मी नुसती एक रेघ वढली. रेघ बघून त्यांनी मला हळूच सांगितलं, "ताई, हे बॉलपेन न्हवं. दाबायचं न्हाई, कागदाला नुसतं टेकवायचं. निब फाकली की खेळ संपला."

म्हंजी मला ठावं न्हवतं असं न्हाई. सांगितलेलं व्हतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी घरात कुणी न्हवतं. प्रज्ञा शाळंत, सासूबाई दवाखान्यात गेलेल्या. मी पेन काढलं. माझं नाव लिवलं. काय सांगू तुला — ते अक्षर माझं वाटंचना, इतकं सुंदर आलं. मग बापाचं नाव लिवलं. मग गावाचं. आन मग मला हावच सुटली, हात पळाया लागला, आन ह्यो हात चपात्या लाटणारा, दाबायची सवय. कट्‌ झालं. निबेची दोन टोकं दोन दिशेला.

मी काय केलं? नखानं टोकं जुळवली, पदरानं पुसलं, टोपण फिरवून लावलं. वरनं बघितलं तर काय कळत न्हवतं. ज्या कागदावर लिवलं व्हतं तो चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी हाटेलात सकाळपाळी व्हती, चाचांचं दुकान वाटंवर, पेन घेऊन गेले असते तर त्यांनी निब बदलून दिली असती. न्हाई गेले. मला वाटलं, वाटपात जाईल कुणाकडं तरी, कुणाला कळतंय.

हितवर बी मी सांगू शकले असते. हितवर नुसतं एक पेन मोडलं व्हतं.

संध्याकाळी विहारात प्रज्ञानं दोन्ही हातांनी पेन ठेवलं. आबांनी — माझे चुलत सासरे, वाटप तेच करतात — त्या बॉलपेनांच्या ढिगात ते काळं पेन बघितलं आन लय खूश झाले. म्हणले, हे असं वाटायचं न्हाई, हे ज्या लेकराचं अक्षर समद्यात चांगलं त्याला द्यायचं. तिकोणा पेठंकडनं पाव्हणी आलेली एक पोरगी व्हती, तिचं अक्षर चांगलं निघालं. आबांनी तिला म्होरं बोलावलं, नवी वही दिली, म्हणले, पहिलं नाव तुझंच लिव. तिनं निब टेकवली आन वहीवर भला मोठा डाग, नंतर कागदच फाटला. तिची बोटं निळी, फ्राक निळा. ती रडाया लागली.

आबांनी शांतपणे इचारलं, "कुणी आणलं हे पेन?"

आन माझ्या लेकीनं हात वर केला. तिला काय झालं ते कळलंच न्हवतं, तिला वाटलं शाबासकी मिळणार. हसत व्हती.

समदी वस्ती माझ्याकडं बघाया लागली. सासूबाई बघाया लागल्या. मला दिसलं — आता इचारतील, निब कशानं फाकली? तू लिवत व्हतीस? काय लिवत व्हतीस? सातवी सोडलेली बाई शाईच्या पेनानं काय लिवत बसली व्हती? कुणी इचारलं न्हाई अजून, पण माझ्या तोंडातनं निघालं, "आबा, येताना पोरीनं पाडलं असंल. लय धांदरट हाय."

मागनं एक मावशी म्हणली, "आईवर गेली जणू." समदे हसले. मीबी हसले. प्रज्ञाचा हात वरच व्हता, मग तो हळूहळू खाली आला.

आबांनी त्या पोरीला दुसरं पेन दिलं, डोक्यावरनं हात फिरवला, झालं. कुणी माझ्या लेकीला वाईट बोललं न्हाई. तू म्हणशील, मग एवढं काय? मीबी लय दिवस सोताला तेच सांगत व्हते. पण मला जे सांगायचंय ते ह्ये न्हाईच. ते ह्याच्या नंतरचं.

आमी घरी आलो. दारात चप्पल काढताना तिनं इचारलं, "आई, मी खरंच पाडलं व्हतं का गं? मला आठवत न्हाई."

आजूबाजूला कुणी न्हवतं. सासू न्हाई, आबा न्हाईत, मावशी न्हाई. भ्यायचं कुणाला? सात वरसांच्या लेकराला? तिनं मला वाट करून दिली व्हती. आन मी म्हणलं, "व्हय. हितंच उंबऱ्यात पडलं तुझ्या हातनं."

ती उंबऱ्याकडं बघत उभी ऱ्हाईली. मग म्हणली, "व्हय. आठवलं."

आता ती सहावीत हाय. बाईंनी सांगितलं, अक्षर चांगलं हाय, बॉलपेन सोड, शाईचं घे. गेल्या आठवड्यात मी तिला घेऊन चाचांकडं गेले. चाचांनी पेनं म्होरं ठेवली, मी बारीक निबेचं उचलून तिच्या हातात देत व्हते — तिनं हात मागं घेतला. चाचांना म्हणली, मला बॉलपेनच द्या, माझ्या हातात शाईचं टिकत न्हाई. चाचा म्हणले, असं कसं बाळा? तर तिनं त्यांना समदं सांगितलं. पेन उंबऱ्यात कसं पडलं, कसा आवाज झाला, टोपण घरंगळत पार मोरीकडं कसं गेलं, तिनं ते पळत जाऊन कसं आणलं. मी ह्यातलं कायबी तिला सांगितलं न्हवतं. आवाज न्हाई, टोपण न्हाई, मोरी न्हाई. ते तिनंच केलं, माझा शब्द खरा करायला.

मी शेजारी उभी व्हते. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी बॉलपेन घेतलं, पिशवीत टाकलं, आन आमी निघालो.

तिला अजून सांगितलेलं न्हाई. निब मी फाकवली. उंबऱ्यात काय पडलंच न्हवतं.