चौथा टाक

सन दोन हजार बावीस, महिना मे, ऋतू ग्रीष्म. हसू नका! काळवेळ नोंदवल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही. जुनी मॅट्रिक आहे मी. तर त्या महिन्यात, बारा मुलांसमोर, माझी अशी फजिती झाली की अजून आठवले तरी पदर तोंडाशी जातो.

सुट्टीत आमच्या दौंडच्या घरी मी नववी ते अकरावीच्या मुलांना सण, देवदेवता, कुळाचार शिकवते. खरे सांगू? आमचे हे गेल्यापासून घर फार गप्प झाले आहे. शिकवणे हे एक निमित्त.

त्या रविवारी मी देव्हाऱ्यातले टाक ताम्हनात मांडून आणले. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची प्रतिमा. मोबाइलवाल्यांना हेही सांगावे लागते.

"हा खंडोबा. हा भैरोबा. ही तुळजाभवानी. आणि ही पद्मावती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'हिला रोज आधी कुंकू लाव.' पंचावन्न वर्षांत एक दिवस खंड नाही!"

मागून अकरावीतली कोमल म्हणाली, "आजी, ही देवी न्हाई."

"'नाही' म्हण. आणि देवी नाही, तर कोण?"

"बाई हाय. देवीच्या हातात तलवार, त्रिशूळ, कायतरी असतंय. हिचं दोन्ही हात मोकळं. आमच्या घरी आज्याच्या पहिल्या बायकोचा असाच टाक हाय. पहिली वारली की दुसरीनं पुजायचा."

सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली! ह्यांचे आधी एक लग्न झाले होते आणि ती मुलगी वर्षभरात गेली, एवढे मला ठाऊक होते. पण त्या घरात तिचे नाव कुणी घेत नसे, आणि मीही कधी विचारले नाही.

तरी मी काय करावे? कोमललाच दाराबाहेर बसवले! वर प्रतिज्ञा केली, "मी चुकले असेन, तर पुढच्या रविवारी मी सतरंजीवर बसेन आणि तू खुर्चीवर बसून शिकवशील!"

दुसऱ्याच दिवशी टाक रुमालात गुंडाळला आणि एसटीने शिरूर गाठले. तिथे माझ्या वन्सं राहतात, ह्यांच्या थोरल्या बहीण. टाक पाहून त्या हसता हसता खोकू लागल्या.

"अगं वैनी, ही तर आमची सरू! तुझी सवत! तुला ठावं न्हाई व्हय?"

"कुणी सांगितलेच नाही मला! मीच आपली पद्मावती समजून बसले!"

"तू इचारलंस कवा? आई भ्यायची तुला. म्हनायची, शिकल्याली हाय, तिला म्हाईतच असंल."

आणि मुलांना माझा पहिला धडा कोणता? 'घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा!'

पण खरी गंमत पुढेच आहे. हे होते तोवर दर वटपौर्णिमेला, वडाकडे निघण्यापूर्वी, मी या 'पद्मावती'पुढे हात जोडून काय मागत असे? सात जन्म हाच नवरा! कुणाकडे? सवतीकडे! तिलाच कुंकू लावून, तिलाच नैवेद्य दाखवून! आणि त्या बाईने मला एक्कावन्न वर्षे संसार करू दिला.

परतीच्या एसटीत मला हसावे की रडावे कळेना. हे असते तर विचारले असते, 'तिची आठवण येई का हो तुम्हाला?' आता कुणाला विचारू?

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी हे प्रकरण निकाली निघाले. गुडघे करकरवीत मी सतरंजीवर बसले. कोमलने खुर्चीवरून टाक शिकवले, आणि चांगले शिकवले. शेवटी मी उठून निवाडा जाहीर केला, "हा जन्म मला मिळाला. पुढचा सरूबाईंचा. त्याच्या पुढचा पुन्हा माझा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोमल मात्र विचारात पडली.

"पन आजी, आज्जा जाऊन चार वर्सं झाली. म्हंजी ते आत्ता तिकडं सरूबाईंकडंच हायेत की!"

आयुष्यात प्रथमच मी कुणाचे मराठी सुधारले नाही.

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी सरूबाईंना बजावले, "त्यांना मधुमेह होता. कितीही मागितली तरी चहात साखर घालू नका."

पण त्या घालत असणार. त्याशिवाय का चार वर्षांत हे एकदाही माझ्या स्वप्नात आले नाहीत?