वसंताची बांधी

वसंता गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे अर्ज लावत बसलो होतो. शिपाई दारातच थांबला. सर गेले म्हणाला, सकाळी, घरीच, छातीत कळ आली आणि... तो रडायलाच लागला. बाकीचे कारकून 'कोणते सर, कोणते सर' म्हणून विचारत राहिले. मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे सर पुष्कळ होते, पण ज्याच्यासाठी शिपाई रडेल असा तो एकच. आणि खोटं कशाला बोलू, त्याही वेळी माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की माझी बातमी सांगताना हा असा रडेल का.

दुपारी कारध्याच्या स्मशानघाटावर माणसं मावेनात. करडीहून, म्हणजे माझ्या गावाहून, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून लोक आले होते. श्रावणाचे दिवस, रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात चाललेला. लावणीला आलेलं भाताचं पऱ्हं खोळंबून ठेवून आमच्याकडे कोणी सख्ख्याच्या लग्नालाही जात नाही. त्या ट्रॉलीतून माझे बाबा उतरले. मी याच कॉलेजात शिकलो, इथेच नोकरीला लागलो, पण बाबांनी आमच्या कॉलेजचं फाटक कधी पाहिलं नव्हतं. बोलावलं की 'रिकामा नाही मी' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी मात्र ते रिकामे होते. धुतलेलं धोतर नेसून आले, माझ्या अंगावरून पुढे गेले आणि वसंताच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी मागे उभा राहून मित्रासाठी रडत होतो की त्या हातासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

वसंता भंडाऱ्याचा, पितळी भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. मी शेतकऱ्याचा, एस.टी.नं येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा. आम्ही बी.ए.ला एका बाकावर बसलो, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास. त्याचा डबा मी खायचो आणि माझ्या नोट्स तो उतरवायचा, एवढ्यावर दोस्ती जमली. अभ्यासात मी त्याच्या पुढे होतो. पण वर्गात शिरला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या, आणि माझ्याकडे वळायच्या त्या फक्त परीक्षा जवळ आली की.

दुसऱ्या वर्षी सेवा योजनेचं हिवाळी शिबिर कुठे घ्यायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा मी सरांच्या मागे लागून ते करडीला नेलं. लोकांना वाटलं, मुलाला गावाचा किती जिव्हाळा. जिव्हाळा होताच, नाही असं नाही, पण खरा हेतू वेगळा होता. कॉलेजची पोरं माझं ऐकतात, सर मला नावानं हाक मारतात, हे बाबांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवं होतं. मुलगा शिकायला गेला की वाया गेला, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते चावडीवर बसून सगळ्यांना ऐकवायचे.

शिबिरात तलावाची पार, म्हणजे मातीची पाळ, दुरुस्त करायचं काम होतं. तिसऱ्या दिवशी मी सरांबरोबर सामान आणायला मोहाडीला गेलो आणि घोटाळा झाला. पोरांना संध्याकाळी खेळायला मैदान हवं होतं. वसंता त्यांचा गटप्रमुख. त्यानं बोडीखालची, म्हणजे छोट्या तळ्याखालची, एक बांधी हेरली, चारी बाजूंनी बांध घातलेला भातशेताचा तुकडा. भात कापून झालेला, नुसती धसकटं उरलेली आणि त्यांत हिरवं हिरवं गवत माजलेलं. त्यानं पोरांना रांगेत उभं केलं आणि श्रमदान म्हणून ते गवत मुळासकट उपटायला लावलं. ते गवत नव्हतं. आमच्याकडे भात उभा असतानाच त्यात लाखोरीचं बी फेकतात. भात कापला की ओलीवर ती वर येते आणि तिची डाळ वर्षभर पुरते. शहरातल्या पोराला हे कोण सांगणार? आणि बांधी कोणाची, तर आमची.

मी परत आलो तेव्हा बांधी साफ झाली होती आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हिरवा ढीग पडला होता. खरं सांगतो, मला आनंद झाला. आता बाबा याची कातडी सोलतील आणि गावाला कळेल, कॉलेजातलं शहाणं पोरगं कोणतं ते. वसंता स्वतःच बाबांसमोर जाऊन उभा राहिला. गवत समजून उपटलं म्हणाला, सबब सांगितली नाही. बाबांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"काऊन रे बापू, भात तरी ओळखू येते का तुले?"

"येते न जी काकाजी. ताटात असला तं."

बाबा हसले. धुऱ्यावर खाली बसून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आईनं तो ढीग घरी आणवला, कोवळे शेंडे खुडले आणि अख्ख्या शिबिराला लाखोरीची भाजी खाऊ घातली. जेवताना बाबा म्हणाले, औंदा तू उपटलं, पुढच्या साली तूच फेकजो. मला वाटलं, गंमत झाली, संपली.

वसंता पुढच्या साली खरंच गेला. त्याच्याही पुढच्या साली गेला. पुढे आम्ही दोघंही त्याच कॉलेजात लागलो, तो शिकवायला आणि मी ऑफिसात, आणि शिबिरं त्याच्याकडे आली. गाव तो ठरवायचा, परवानग्या, सामान, बस सगळं मी बघायचो. आम्ही किती रस्ते बांधले आणि त्यांतले किती पुढच्या पावसात वाहून गेले, हे मला ठाऊक आहे. पण गावागावांत चहाला आवतण यायचं ते त्याला. करडीत तर हद्द झाली. दिवाळीच्या आधी एक दिवस तो रजा टाकून जायचा, बाबा त्याच्यासाठी बी भिजवून ठेवायचे आणि त्या बांधीला गाव 'वसंताची बांधी' म्हणायला लागलं. आमच्या आजोबांनी खोदलेली बांधी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी एकदा बाबांना तोडून बोललो, तर म्हणाले, सातबारा आपलाच हाये न, नाव घेतल्यानं बांधी कोठी जाऊन राहिली? पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मी पाठ केली नव्हती, मी ती जगत होतो.

तो मला दरवर्षी चल म्हणायचा. एकदा ऑफिसात माझ्या टेबलावर बसून म्हणाला, "चाल न बे एकडाव. काकाजी मले पाहून पहिले तुलेच विचारतेत." मला वाटलं, मिरवतोय. काम आहे म्हणून मी फायलीत डोकं घातलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेला तो आणि खोड राहिली माझी. कोजागिरी झाली, भात पिवळा पडायला लागला तसा मी वाट पाहू लागलो. बाबांचा निरोप आला, लाखोरी फेकाची हाये, ये. इतकी वर्षं ज्यासाठी जळलो ते आपसूक हातात आलं होतं, आणि ते कसं आलं ते ठाऊक असूनही मला बरं वाटलं.

बाबा आता वाकले आहेत. भिजवलेल्या बियांची टोपली त्यांनी माझ्या हातात दिली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो. लाखोरी कशी फेकायची हे मला लहानपणापासून येतं. भाताच्या ओळींतून चालत जायचं आणि सारखी पसरायची.

"खाली कायले उतरून राहिला?" बाबा म्हणाले.

"मंग?"

"थो धुऱ्यावरूनच फेके. सापाले भेये."

मला कळेना. म्हणजे इतकी वर्षं बांधीच्या मधात लाखोरी उगवलीच नाही? नाही म्हणाले. धुऱ्याकडेनं दाट यायची, मधात मोकळं राहायचं. जो माणूस रोवण्यातली माझी एक वाकडी ओळ चालवून घेत नसे, त्यानं हे दरवर्षी चालवून घेतलं होतं.

"मंग सांगतलं काऊन नाही त्याले?"

"सांगाचं कायले?" बाबा म्हणाले. "येत होता न थो."

मी वर आलो. पायांचा चिखल धुऱ्यावरच्या गवताला पुसला आणि तिथूनच एक मूठ फेकली. माझा हात लांब जातो. दाणे बांधीच्या मधात जाऊन पडले. बाबांचं तोंड उतरलेलं मला दिसलं. दुसरी मूठ मी जवळच पाडली.