टॉमचं चौदा घरांचं गाव

टॉम पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी साखळी काढली नाही. फटीतूनच बोललो. आमची ही जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि शेजारचा हा गोरा म्हातारा टोपी छातीशी धरून विचारत होता, "मिसेसचं वय किती होतं?"

मेलेल्या बाईचं वय विचारणारा माणूस एक तर विम्याचा, नाहीतर बाटवणारा. मी ठोकून दिलं, साठ. होती एकाहत्तरची.

माझी शाळा चौथीपर्यंत. वय विचारण्यापुरतं इंग्रजी कळलं; टॉमचं पुढचं बोलणं सूनबाई मराठीत करून सांगायची. माणूस इंग्लंडचा, चाळीस वर्षं न्यू जर्सीत, पण तोंडात कायम गाव. "चौदा घरं, एक चर्च. पाद्री महिन्यातून एकदा येतो, तोही घाईत." गाव पूर्वी मोठं होतं म्हणे. जमीनदारानं मेंढ्या चारायला माणसं हुसकावली, घरं पाडली. चर्च तेवढं सोडलं. "आता मेंढ्याच जास्त. घंटा ऐकतात, वर्गणी देत नाहीत."

हसू यायचं, पण मी हसायचो नाही. सूनबाईला म्हणायचो, "गोड बोलतोय. एक दिवस बायबल काढेल बघ." त्यानं दिलेला केक मी दोन दिवस झाकून ठेवला.

"बाबा, विष नाहीये हो त्यात!" ती वैतागली.

मग एका रविवारी दुपारी तो फोन घेऊन आला. पलीकडे गावातली त्याची बहीण. म्हणाला, "आमच्याकडे कुणी गेलं की घंटा वाजते. बाईला आधी सहा ठोके, मग वयाच्या दर वर्षाला एक. शेतातला माणूस मोजूनच ओळखतो, कोण गेलं ते."

"ही कुठे तुमच्या गावची?"

"माझी शेजारीण होती ना."

फोनमधून घंटा ऐकू यायला लागली. टॉम ताठ उभा. मी मोजत होतो. सहा, आणि मग साठ झाले नि थांबलं. हिची अकरा वर्षं मी खाल्ली. माझी नोकरी संपल्यावर आम्ही दोघं निवांत बसलो, ती हीच अकरा. 

शेवटची भेट सप्टेंबरातली. टॉमचे पाय चालेनात म्हणून त्याची मुलगी त्याला ओहायोला, आपल्या घरी घेऊन चालली होती. तो गाडीत बसला तेव्हा मी म्हटलं, "सूनबाई, सांग त्याला. मी खोटं बोललो. अकरा ठोके कमी पडले."

टॉम हसला. "बायका वय चोरतात. नवऱ्यानं चोरलेलं पहिल्यांदाच बघतोय."

मग मूठ वळून गाडीच्या उघड्या दारावर ठोकायला लागला. सावकाश, मधे दम खात. सातव्यानंतर हात बदलला. मुलगी गाडी सुरू न करता थांबली होती. अकरा झाले, तेव्हा मी दार लावून दिलं.